एकाच पाण्याला तीन जिल्हे: उजनीच्या काठावरून जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर



आपल्या तिघांना एकच पत्र लिहितो आहे, कारण उजनीचे पाणी एकच आहे. भीमेवरचे धरण माढा तालुक्यात. पण त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारात पसरलेला आहे. यशवंतसागर हे या जलाशयाचे कागदावरचे नाव. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या शिवसागरापेक्षाही जास्त. इंदापूरच्या काठावरून सुटलेली होडी करमाळ्याच्या काठाला लागते. जाळे एका जिल्ह्यात टाकले जाते, मासळी दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. रोहित पक्ष्यांचा थवा सकाळी डिकसळकडे दिसतो आणि ऊन चढल्यावर कोंढारचिंचोलीकडे सरकतो. पाण्यावर जिल्ह्याची हद्द कुणालाच दिसत नाही. ती दिसते ती काही वाईट घडल्यावर, आपली जबाबदारी कुठे संपते हे सांगताना.

माझे म्हणणे थोडक्यात असे: उजनीवर पर्यटन येते आहे, ते यायलाच हवे, पण त्याआधी या पाण्याला एक कारभारी द्या. होड्या, मासेमारी आणि पाखरे या तिन्हींचे नियम एका ठिकाणी ठरू द्या आणि ते तिन्ही जिल्ह्यांच्या काठांवर सारखे पाळले जाऊ द्या.

21 मे 2024 ची संध्याकाळ आपल्या कार्यालयांच्या दप्तरात नोंदलेली आहे. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बोलवावे लागले आणि मृतदेह हाती येईपर्यंत दोन्ही काठांवरची गावे पाण्याकडे डोळे लावून बसली होती. ती माणसे सहलीला निघाली नव्हती. रस्त्याने गेले तर मोठा वळसा पडतो, म्हणून दोन्ही काठांची माणसे वर्षानुवर्षे जशी जातात तशी ती निघाली होती.

त्याआधी, एप्रिल 2017 च्या अखेरीस, अजोतीजवळ सहलीला आलेल्या दहा डॉक्टरांची होडी याच पाण्यात उलटली होती आणि त्यांतले चौघे बुडाले होते. एक दुर्घटना मौजेच्या फेरीतली, दुसरी रोजच्या प्रवासातली. मधे सात वर्षे होती. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो म्हणतात. या पाण्यावर तो शहाणपणा शासनाने दाखवायला हवा होता. दर वेळी चार दिवस बंदी येते, काठावर पोलीस उभे राहतात, फलक लागतात. मग फलक उन्हात फिके पडतात आणि होड्या पुन्हा पहिल्यासारख्या सुटतात.

त्या होडीकडे जरा जवळून पाहा. लांबट, बुटक्या कडांची, पत्र्याची किंवा फायबरची. ती बांधली गेली जाळी आणि मासळी वाहायला. दोन-तीन माणसे बसतील इतकी. सुट्टीच्या दिवशी तिच्यात आडव्या फळ्या टाकल्या जातात, वर रंगीत छत येते आणि आठ-दहा माणसे बसतात. कड आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर उरते. लाइफ जॅकेट असतात. बहुतेक वेळा फळीखाली कोंबलेली, बंद तुटलेली, मोठ्यांच्या मापाची. लहान मुलाला ते घातले तर मूल पाण्यात खाली सरकते आणि जॅकेट वर तरंगते. घातलेले जॅकेट जीव वाचवते, फळीखालचे वाचवत नाही. होडीवर नाव असते, देवाचा फोटो असतो. पण किती माणसे बसवायची याचा आकडा क्वचितच लिहिलेला असतो.

मे महिन्यातली दुपार या जलाशयावर सर्वांत फसवी. सकाळी पाणी आरशासारखे. दुपारनंतर वळवाचे ढग भरतात आणि एका झटक्यात वारा सुटतो. मैलोन्मैल उघड्या पाण्यावरून आलेल्या त्या वाऱ्याला अडवायला मधे काही नसते. लाटा उंचीने फार नसतात, पण एकामागोमाग एक येतात आणि बुटक्या कडेवरून आत पडतात. त्यात घाबरलेली माणसे एका बाजूला सरकली की पुढचे सांगायला नको.

त्यातून उजनीचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. इथला उपयुक्त साठा सुमारे 53.5 टीएमसी आणि मृतसाठा त्याहून मोठा, सुमारे 63.5 टीएमसी. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ असे मथळे येतात. 2024 च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. पाणी असे मागे हटले की बुडालेला भूगोल वर येतो. जुन्या पळसदेवच्या देवळाचे शिखर दिसू लागते, वाड्यांच्या भिंती, विहिरींचे काठ, वठलेली झाडे पाण्याच्या अगदी खाली उभी राहतात. हटत्या पाण्यामागे शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि विजेच्या केबली काठापासून आत आत जात राहतात. दिवाळीत जी वाट होडीला मोकळी असते, तीच मे महिन्यात धोक्याची होते. हे सगळे इथल्या नावाड्याला ठाऊक असते. पुण्याहून दोन तासांसाठी आलेल्या पर्यटकाला ते कळायचा मार्ग नाही. आणि उद्या बाहेरचा ठेकेदार वेगवान बोटी घेऊन आला तर त्याच्या चालकालाही नसेल.

देशात इतरत्र काय झाले तेही समोर आहे. 30 सप्टेंबर 2009 रोजी केरळात थेक्कडी इथे, मुल्लपेरियार धरणाच्याच जलाशयात, पर्यटन बोट उलटून 45 जण बुडाले. जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली, असे तेव्हा समोर आले. 7 मे 2023 रोजी तानूरला 22 जण गेले. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली 12 मुले आणि 2 शिक्षिका बुडाल्या. कारणे तीच ती: क्षमतेपेक्षा जास्त माणसे, अंगात नसलेली जॅकेट, कुणी न केलेली तपासणी. थेक्कडीची गोष्ट उजनीला तर फारच लागू आहे. इथेही उजवीकडे रोहित पक्ष्यांचा थवा उठला की सगळे कॅमेरे आणि सगळी माणसे उजवीकडे झुकतात.

आपल्याकडे अधिकार नाहीत असे नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद आपल्याकडेच दिले आहे. आपत्ती आल्यावर धावून जाणे हा त्या कामाचा अर्धा भाग झाला. ती येऊ नये म्हणून आदेश काढणे हा उरलेला अर्धा. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात इंजिनाच्या नावेला नोंदणी, तपासणी आणि विमा सांगितला आहे. बिनइंजिनाच्या नावेची नोंदही स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद आहे. अडचण एवढीच की धरण जलसंपदा विभागाचे, मासळी मत्स्यव्यवसाय विभागाची, पाखरे वन विभागाची, बोटीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा, पर्यटक पर्यटन विभागाचे आणि बुडालेला माणूस पोलिसांचा. या टोलवाटोलवीत होडीवाल्याला विचारणारे कुणीच उरत नाही. आपण तिघे एका टेबलाशी बसलात तर हे सगळे विभाग त्या टेबलाशी येतील. आपल्याशिवाय त्यांना एकत्र बोलावू शकणारे दुसरे कुणी जिल्ह्यात नाही.

त्या टेबलावर पहिल्या दिवशी ठरवता येतील अशा गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. तिन्ही जिल्ह्यांच्या काठांवरच्या प्रत्येक होडीची एकच नोंदवही करा आणि होडीच्या दोन्ही बाजूंना क्रमांक व माणसांचा आकडा लांबून वाचता येईल असा रंगवून घ्या. नोंद नसलेल्या होडीत प्रवासी बसवायचा नाही. जॅकेट अंगात घालून बंद लावल्याशिवाय होडी धक्क्यावरून हलायची नाही, आणि मुलांच्या मापाची जॅकेट प्रत्येक धक्क्यावर हवीत. हवामान खात्याचा वादळी पावसाचा इशारा आला की प्रत्येक धक्क्यावर लाल बावटा चढावा आणि तो उतरेपर्यंत पाणी बंद. मार्च ते जून दुपारनंतरच्या मौजेच्या फेऱ्या थांबवाव्यात. पाणी उतरू लागले की दर महिन्याला नावाड्यांनाच सोबत घेऊन बुडालेल्या भिंती, झाडे आणि केबली शोधाव्यात, त्यांच्यावर तरंगती रंगीत पिंपे बांधून खुणा कराव्यात. आणि दोन्ही काठांवर एकेक बचाव बोट कायम तयार असावी. तिच्यावर पोहणारी स्थानिक मुले पगारावर नेमावीत. बाहेरून पथक येईपर्यंतचा वेळच बुडणाऱ्याचा शेवटचा वेळ असतो.

काठावरच्या प्रवासी होड्यांचाही विचार याच वहीत करा. शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झाला, त्याबद्दल इथल्या माणसांना समाधान आहे. पण पूल पुरा होऊन वाहता होईपर्यंत शाळेची मुले, दवाखान्यात निघालेली माणसे आणि बाजारकरी पाण्यावरूनच जाणार. तोवर निदान मुख्य मार्गांवर शासनाने तपासलेली, उंच कडांची बोट ठरावीक वेळेला सोडावी. एसटी जशी गावाच्या हक्काची, तशी ती बोटही.

आता मासेमारीबद्दल. उजनीवर मौज करायला येणारा बहुतेक माणूस आधी इथल्या मासळीच्या नावाने येतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला थांबून थाळी खाल्ली नाही असा प्रवासी विरळा. पण त्या थाळीत काय येते ते बाजारात जाऊन पाहावे. लिलावाला आलेल्या ढिगांत चिलापीच जास्त. कटला, रोहू, मृगळ, वाम, मरळ त्या मानाने कमी, आणि असलेल्यांतही मोठा मासा दुर्मीळ.

यामागे साधे कारण आहे. कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वाहत्या पाण्यात जातात आणि तिथे अंडी सोडतात. ती पिले खाली जलाशयात येऊन वाढायला वेळ लागतो. म्हणून मत्स्यबीज सोडावे लागते, आणि सोडलेले बीज वाढू द्यावे लागते. चिलापीला यातले काहीच लागत नाही. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मूळचा आफ्रिकेतला मासा साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे जगतातही बरीच. वर बारीक डोळ्यांची जाळी, ज्यांना इथे वडाप म्हणतात, बोटभर पिलांनाही सोडत नाहीत. जे पिलू वाढून किलोच्या घरात गेले असते ते सुकटाच्या भावात जाते. नुकसान होते ते इथल्या भोई-कोळी कुटुंबांचेच. एका काठावर कारवाई झाली की बारीक जाळी दुसऱ्या काठावर जातात, कारण तिकडचा तालुका वेगळा, जिल्हा वेगळा, अधिकारी वेगळा.

त्यात अलीकडे सकर मासा जाळ्यात येऊ लागला आहे. काचेच्या टाकीत शोभेला पाळलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा मोठा झाल्यावर कुणीतरी नदीत सोडतो आणि तो खाली येऊन वाढतो. त्याच्या अंगावर कवचासारखे कठीण खवले असतात. जाळे फाटते, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पाळलेले मासे नदीत, तळ्यात सोडू नका, एवढी सूचना शोभेच्या माशांच्या प्रत्येक दुकानात लावायला पुण्याच्या प्रशासनाला काय खर्च येणार आहे?

गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींची संख्याही वाढते आहे. हा छंद सुंदर आहे. पाण्याकडे तासन्‌तास शांतपणे पाहायला लावणारे छंद आता उरलेत किती? त्याला बंदी नको, शिस्त हवी. ठरावीक जागा, दिवसाचा माफक परवाना, आणि ते पैसे स्थानिक मच्छीमार संस्थांच्या मत्स्यबीजासाठी. पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यांनी भरलेली मोठी मादी गळाला लागली तर ती परत पाण्यात सोडायची, हा नियम परवान्यावरच छापा. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकून जाणाऱ्याला दंड करा, कारण ती शेकाट्याच्या किंवा पाणकावळ्याच्या पायात अडकली की पाखरू तिथेच तडफडून मरते.

बोटी आणि जाळी यांचे भांडणही आताच मिटवायला हवे. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतो आणि पहाटे काढतो. इंजिनाची बोट त्यावरून गेली की पंख्यात जाळे गुंतते. बोट अडकते आणि गरिबाचे हजारोंचे जाळे जाते. पर्यटन वाढल्यावर हे रोज होईल. म्हणून जलाशयाचे भाग पाडा. धरणाच्या बाजूचे खोल पाणी वेगवान बोटींना आणि जलक्रीडेला द्या. मधला पट्टा जाळ्यांचा, त्यातून खुणा केलेली बोटींची वाट. आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, कोंढारचिंचोलीकडचे उथळ पाणी पाखरांचे. तिथे वल्ह्याची होडीच जाईल.

या शेवटच्या गोष्टीवर माझा आग्रह आहे. पाणी उतरू लागले की या भागात चिखलाचे पट्टे उघडे पडतात. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखल गाळतात आणि त्यातले बारीक जीव खातात. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकदंब हंस इथे येतात. शेजारच्या भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची वीण होते. इथल्या कित्येक मच्छीमार तरुणांनी पाखरांची नावे, सवयी आणि जागा शिकून त्यावर आपले घर उभे केले आहे. त्यांच्या हातातल्या वल्ह्याचा आवाज पाखराला दचकवत नाही. तिथे एकदा का पाण्यावरची स्कूटर घुमू लागली, की थवा उठेल आणि परत बसणार नाही. त्याबरोबर त्या तरुणांचा धंदाही उठेल. सोलापूर जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात उजनीच्या जलपर्यटनाला मोठी जागा आहे. त्यात वल्ह्याच्या होडीलाही हक्काची जागा मिळावी.

पाण्याच्या प्रतीबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल, पण इथे एवढे म्हणतोच: मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ते सारे शेवटी उजनीत थांबते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, जलपर्णीचे गालिचे पसरतात, वल्हे त्यात अडकते. हेच पाणी सोलापूर शहर पिते. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या जलाशयाकडे फक्त इंदापूरच्या काठावरून पाहून चालणार नाही.

नियम केले की गरीब होडीवाला मरतो, अशी हरकत घेतली जाईल. ती हरकत खरी ठरू नये म्हणूनच म्हणतो की नोंदणी फुकट करा, पहिली जॅकेट शासनाने द्या, उंच कडांच्या होडीसाठी अनुदान द्या आणि मौजेच्या फेऱ्यांचा पहिला हक्क काठावरच्या धरणग्रस्त आणि मच्छीमार कुटुंबांना द्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या नातवंडांनी आज बाहेरच्या ठेकेदाराच्या धक्क्यावर तिकिटे फाडत बसू नये. होडीवाल्याला नियमांची भीती नाही. प्रवासी बुडाल्यावर गुन्हा एकट्याच्या नावावर चढतो आणि होडी कायमची काठाला लागते, याची भीती त्याला जास्त आहे.

ज्यांना हे पत्र वाचून उजनीला यावेसे वाटेल, त्यांना माझी एकच विनंती: होडीत बसण्याआधी जॅकेट मागा, नीट बांधा आणि जास्त माणसे बसवली तर खाली उतरा. फेरी चुकली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळेल.

आणि आपणा तिघांना विनंती: पुढचा मार्च उजाडण्याआधी एक संयुक्त बैठक उजनीच्या काठावर घ्या, मच्छीमार आणि नावाडी यांना समोर बसवून घ्या, आणि त्याच बैठकीत तिन्ही जिल्ह्यांसाठी एकच आदेश काढा. त्याला नवा कायदा लागत नाही आणि मुंबईची वाट पाहावी लागत नाही. तीन सह्या लागतात.

आपला नम्र,
उजनीकाठचा एक रहिवासी